मागच्या दारानं मिळणारं जेवण : एका कादंबरीवरून आमच्या वाचनगटात काय झालं

पार्श्वभूमी

अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरांत मराठी माणसं बरीच आहेत, त्यातल्याच काही जणांचा आमचा वाचनगट आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं, चहा-पोहे करायचे आणि ठरलेल्या पुस्तकावर बोलायचं. पुस्तकं बहुतेक मराठीच असतात पण वर्षातून एखादं तरी इथलं, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतलं घ्यायचं असं आम्ही ठरवलंय, कारण इतकी वर्षं जॉर्जियात काढली, मुलं इथंच वाढली, तरी ऑफिस, मंदिर, इंडियन ग्रोसरी आणि हायवे एवढं सोडून बाकीचा हा भाग आपल्यातल्या फार थोड्यांना माहितीये. गटाचं वेळापत्रक, पुस्तकाची निवड, चर्चा चालवणं हे काम माझ्याकडे असतं. खालच्या सगळ्यांची नावं काढलीयेत, ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि ज्यांच्याबद्दल जास्त लिहिलंय त्यांना आधी विचारलंय.

त्या वेळी निवडलं होतं फॅनी फ्लॅगचं 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज ॲट द व्हिसल स्टॉप कॅफे'. 1987 ची कादंबरी, 1991 मध्ये त्यावर सिनेमा आला, तो गटातल्या बऱ्याच जणांनी पाहिला होता. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहराजवळ व्हिसल स्टॉप नावाचं रेल्वेच्या कडेचं छोटं गाव, तिथे इजी आणि रूथ या दोघी 1929 मध्ये एक कॅफे उघडतात. मंदीचा काळ आहे, भुकेला कोणीही आला तरी त्याला खायला मिळतं. स्वयंपाकघर चालवतात ती काळी माणसं, म्हणजे सिप्सी, तिचा मुलगा बिग जॉर्ज आणि त्याची बायको ऑनझेल. ही सगळी जुनी गोष्ट 1980 च्या दशकात वृद्धाश्रमातली निनी नावाची म्हातारी एव्हलिन नावाच्या मध्यमवयीन, आयुष्याला कंटाळलेल्या बाईला सांगते, आणि ती ऐकता ऐकता एव्हलिन हळूहळू उभी राहते. मध्ये मध्ये गावातल्या डॉट वीम्सचं छोटंसं बातमीपत्र येतं, कोणाचा नवरा काय म्हणाला, कोणाची कोंबडी कुठे गेली असल्या बातम्यांचं. फॅनी फ्लॅग स्वतः बर्मिंगहॅमची, आणि शेजारच्या आयर्नडेलमध्ये तिच्या नात्यातल्या एका आजीचा खरोखर रेल्वेलगत कॅफे होता, त्यावरून तिला हे सुचलं. शेवटी कॅफेतल्या पदार्थांच्या रेसिपीसुद्धा दिल्यात.

हे निवडायला अजून एक कारण होतं. सिनेमाचं शूटिंग जॉर्जियातल्या जुलिएट गावात झालं, तिथे तो कॅफे अजून आहे, अटलांटाहून साधारण सव्वा तासावर. म्हणजे पुस्तक वाचायचं, मग सगळ्यांनी मिळून सहलीला जायचं, कच्च्या टोमॅटोचे तळलेले काप खायचे, फोटो काढायचे असा बेत होता. बस बघून ठेवली होती, पैसे अजून भरले नव्हते.

अडचण काय झाली

पुस्तक निम्मं वाचून झालं तसे व्हॉट्सॲपवर मेसेज सुरू झाले. पहिले सगळे आनंदाचे. सांगलीहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एका काकूंनी मोबाईलवर अक्षरं मोठी करून एकेक प्रकरण वाचलं आणि लिहिलं की किती दिवसांनी असं पुस्तक वाचलं ज्यात माणसं एकमेकांना धरून आहेत, त्या निनीला तर मी उचलून घरी आणलं असतं. नुकतीच नोकरी सोडलेल्या एका मैत्रिणीला एव्हलिन म्हणजे आपणच वाटली. एव्हलिन मनातल्या मनात 'तोवांडा' नावाची रणरागिणी होते आणि अन्याय करणाऱ्यांना झोडपत सुटते, ते वाचून ती गाडीत एकटीच हसली म्हणे. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला (आई गटात आहे, ही कधीतरी येते) इजी आणि रूथचं प्रेम फार आवडलं, दोघी संसार करतात, मूल वाढवतात आणि गाव ते गृहीत धरतं.

मग वेगळे सूर यायला लागले. एकाला काळ सारखा मागेपुढे उड्या मारतो त्याचा त्रास झाला, एकीला बार्बेक्यूचा प्रकार किळसवाणा वाटला (ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल, बाकीच्यांना पुढे कळेलच). ही नेहमीची मतं, यानं काही बिघडत नाही. बिघडलं ते पुढच्या एका मेसेजनं. लातूरकडचे एक दादा आहेत, कमी बोलतात, पुस्तक मात्र नेमानं वाचून येतात. त्यांनी लिहिलं : 'मला हे पुस्तक गोड वाटलं नाही. या कॅफेत काळ्या माणसांना मागच्या दारानं जेवण मिळतं आणि आपण सगळे त्याला मोठ्या मनाचं लक्षण म्हणतोय. मी सहलीला येणार नाही.'

त्यावर अर्ध्या तासात ढीगभर उत्तरं. अहो दादा, त्या काळात तेवढं केलं हेच केवढं होतं, क्लान (कू क्लक्स क्लान, काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना) धमक्या देत होता तरी इजीनं काळ्यांना जेवण विकणं बंद केलं नाही. दुसरा म्हणाला प्रत्येक गोष्टीत हेच शोधायचं का, साधं पुस्तक साधेपणानं वाचता येत नाही का. नर्स म्हणून काम करणाऱ्या एका ताईनं दादांची बाजू घेतली, तिच्या वॉर्डातल्या काळ्या सहकारणींबरोबर तिचं या विषयावर बरंच बोलणं होतं, तिनं लिहिलं की यातल्या सिप्सीला मनातलं बोलायला किती पानं मिळालीत ते मोजा. कोणीतरी रागाचा इमोजी टाकला. काकूंनी मला फोन करून विचारलं की मी काही चुकीचं बोलले का रे, मला तर पुस्तक आवडलं होतं. आणि दादा गप्प झाले.

अडचण माझ्या मते मतभेदाची नव्हतीच. अडचण ही होती की आवडलं म्हणणाऱ्यांना वाटायला लागलं आपल्याला कोणी निर्दय म्हणतंय, आणि न आवडलेल्यांना वाटायला लागलं आपण दुसऱ्याच्या आनंदात मिठाचा खडा टाकतोय. अशा वेळी दोन्हीकडची माणसं गप्प बसतात आणि दोन-तीन महिन्यांनी गटात यायचंच बंद करतात. दुसऱ्या एका गटाचं असं झालेलं मी जवळून पाहिलंय.

पुस्तकात नेमकं काय आहे

इथे थोडं थांबतो, कारण दोन्ही बाजू पुस्तकाचाच आधार घेत होत्या आणि दोघांचंही खरं होतं.

गावाचा शेरीफ ग्रेडी किलगोर हा इजीचा मित्र आहे आणि क्लानमध्येही आहे. तो येऊन सांगतो की काळ्यांना जेवण विकतेस ते लोकांना खुपतंय. इजी त्याला खडसावते, ती या लोकांना पांढऱ्या झग्यातसुद्धा पायातल्या बुटांवरून ओळखते. शेवटी मागच्या दारानं विकणं चालू राहतं. वाचताना हसू येतं आणि इजीबद्दल आदरही वाटतो. पण त्याच प्रसंगात क्लान म्हणजे गावातलीच ओळखीची, थोडी बावळट माणसं होऊन जातात, ज्यांना एक धीट बाई गप्प करू शकते. याच बर्मिंगहॅममध्ये 15 सप्टेंबर 1963 ला क्लानच्या लोकांनी सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब लावून चार मुलींचा जीव घेतला.

शिवाय मागचं दार हा इजीचा स्वभाव नव्हता, ती त्या भागाची रीत होती आणि बर्मिंगहॅम शहरात तर तो कायदा होता. तिथल्या नियमाप्रमाणे गोरे आणि काळे एका खोलीत जेवणार असतील तर मध्ये किमान सात फूट उंचीची भिंत हवी आणि रस्त्यावरून आत यायला वेगळं दार हवं. आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे ऑलीज बार्बेक्यूचा खटला. हे बर्मिंगहॅममधलं खरंखुरं हॉटेल, आत बसून जेवायला फक्त गोरे, काळ्यांना पार्सल. 1964 चा नागरी हक्क कायदा आल्यावर ही पद्धत चालू ठेवता यावी म्हणून मालक कोर्टात गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं एकमतानं त्यांच्या विरोधात निकाल दिला, कारण मांस राज्याबाहेरून येत होतं म्हणजे आंतरराज्य व्यापाराचा संबंध होता आणि तिथे काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, कायदा लागू होतो. म्हणजे 1930 च्या आसपास इजीनं जे केलं ते धाडस होतं, आणि जेमतेम तीस-पस्तीस वर्षांनी तीच पद्धत टिकवण्यासाठी माणसं सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली. मागच्या दाराची ही दोन्ही रूपं एकाच वेळी खरी आहेत, आणि कादंबरी आपल्याला त्यातलं पहिलंच दाखवते.

फॅनी फ्लॅगवर अन्याय नको म्हणून हेही सांगायला हवं की ती सगळं झाकत नाही. बर्मिंगहॅममधल्या काळ्यांच्या वस्तीचं वेगळं बातमीपत्र पुस्तकात आहे. बिग जॉर्जची जुळी मुलं आहेत, एक उजळ आणि एक काळाकुट्ट, आणि कातडीच्या रंगानुसार दोघांची आयुष्यं कशी वेगळी होत गेली ते तिनं लिहिलंय. हा भाग सिनेमातून जवळजवळ गेलाच, त्यामुळे सिनेमा पाहिलेल्यांना पुस्तक जास्त गोड वाटतं असं माझं मत झालंय.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, काहीच न करणं. मेसेज आपोआप खाली जातात, चर्चेच्या दिवशी रेसिपी आणि एव्हलिनवर बोलायचं, सहल करायची. गटातल्या दोन जुन्या सभासदांचं हेच म्हणणं होतं आणि त्यामागे चांगला हेतू होता, त्यांना गट टिकवायचा होता. पण मग दादांना कळलं असतं की त्यांच्या बोलण्याला इथे जागा नाही.

दुसरा पर्याय, पुस्तकच बदलणं. नर्स ताईनं सुचवलं की त्याच काळातलं, काळ्या लेखिकेनं लिहिलेलं काहीतरी घेऊ. कल्पना चांगली पण त्या क्षणी पुस्तक बदललं असतं तर काकूंसारख्या माणसांना शिक्षा झाल्यासारखं वाटलं असतं, इतकं मन लावून वाचल्यावर त्यांना सांगायचं की तुमचं वाचणं बाद.

तिसरा, दादांना चर्चेची सुरुवात करायला सांगणं. हे मला आधी फार पटलं होतं. नंतर पत्नीशी बोलताना तिनं विचारलं की त्यांनाच का, तो विषय समजावून सांगायची जबाबदारी त्यांच्याच गळ्यात का, बाकीच्यांना वाचता येत नाही का. तिचं बरोबर होतं. ज्याला लागलंय त्यालाच उभं करून 'तुला का लागलं ते सांग' म्हणणं हे वरून मान दिल्यासारखं दिसतं, पण त्या माणसावर ओझं पडतं.

चौथा, चर्चेचा प्रश्नच बदलणं. आवडलं की नाही आवडलं हे विचारायचंच नाही.

काय केलं

व्हॉट्सॲपवरची चर्चा थांबवली. एक मेसेज टाकला की पुस्तकावर आता समोरासमोर बोलू, तोवर इथे फक्त वेळ-पत्ता. दोघांना ते आवडलं नाही, त्यांना वाटलं मी तोंड बंद करतोय. हा निर्णय घेताना मी जरा घाबरलो होतो पण लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, 'दादा' हा शब्द प्रेमानं म्हटलाय की टोमणा म्हणून ते कळत नाही, म्हणून तो घेतला.

मग दादांना फोन केला. त्यांना बोलायचा आग्रह केला नाही, एवढंच विचारलं की तुम्ही येणार ना आणि सहलीचं अजून काही पक्कं नाही. ते म्हणाले येतो. काकूंनाही फोन केला, सांगितलं की तुम्हाला आवडलं यात काहीच चुकलं नाही आणि का आवडलं हे मला तुमच्याकडून ऐकायचंय.

सगळ्यांना एक काम दिलं. प्रत्येकानं पुस्तकातलं एक पान आणायचं, फक्त एक, जिथे आपण वाचताना थांबलो. ते मोठ्यानं वाचायचं आणि थांबलो का ते सांगायचं, तोवर दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. यासोबत ऑलीज बार्बेक्यूच्या खटल्याबद्दल आणि बर्मिंगहॅमच्या नियमांबद्दल एक पानाचं टिपण मराठीत करून दिलं, कारण निम्म्या लोकांना हा काळ फक्त सिनेमातून माहीत होता.

काय झालं

काकू आणि नर्स ताई, दोघींनी एकच प्रसंग आणला. ठरवून नव्हे. बिग जॉर्जची मुलगी, तिला घरात नॉटी बर्ड म्हणतात, आजारी पडते, खात-पीत नाही, तिला फक्त मिस फॅन्सी नावाची हत्तीण बघायचीये. ही हत्तीण खरी होती, बर्मिंगहॅमच्या ॲव्हनडेल पार्कात 1913 ते 1934 पर्यंत होती. पार्कात काळ्यांना प्रवेश नाही. मग इजी खटपट करून हत्तीणच त्या पोरीच्या वस्तीत आणवते.

काकू म्हणाल्या, इथे मी रडले, आजारी लेकरासाठी कोणी एवढं करतं का. ताई म्हणाली, मी इथे थांबले कारण पोरीला पार्कात जाऊ देणं इतकं अशक्य होतं की हत्ती वस्तीत आणणं त्यापेक्षा सोपं पडलं. खोलीत कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग काकूच म्हणाल्या की हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि लगेच पुढे म्हणाल्या की तरी माझं रडणं खोटं नव्हतं हो. ताई म्हणाली, नव्हतंच काकू, मीपण रडले. माझ्यासाठी संपूर्ण चर्चेचा गाभा तिथेच होता.

दादांनी मागच्या दाराचं पान आणलं. वाचलं, आणि मग सांगितलं की त्यांच्या आजोबांसाठी गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती, बाहेर ठेवलेली, चहा प्यायल्यावर आपली आपण धुवून परत ठेवायची. हॉटेलवाला स्वभावानं चांगला होता, उधारी द्यायचा, अडीनडीला धावायचा, आजोबा त्याचं नाव आदरानं घ्यायचे. पण कप बाहेरच होता. महाडला 1927 मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी बाबा आढावांना एक गाव एक पाणवठा चळवळ करावी लागली, हे त्यांनी सांगितलं आणि म्हणाले की इजी वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये, मला त्या दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचं एक प्रकरण हवं होतं, त्याला ते जेवण हातात घेताना काय वाटलं ते.

गटातल्या निम्म्याहून जास्त जणांच्या गावाच्या आठवणी अशाच गोड आहेत, माझ्याही. त्या आठवणीतल्या हॉटेलात तो बाहेरचा कप कुठे होता हे मी त्या दिवसापर्यंत कधी आठवून पाहिलं नव्हतं.

बार्बेक्यूचा प्रसंगही वेगळ्या बाजूनं निघाला. रूथचा मारकुटा नवरा फ्रँक बाळाला पळवून न्यायला येतो, सिप्सी त्याला मारते, बिग जॉर्ज प्रेत बार्बेक्यूत भाजून त्याची विल्हेवाट लावतो, आणि पुढे 1955 मध्ये खटला उभा राहतो तेव्हा इजी सिप्सीचं नाव तोंडातून काढत नाही. कोणी म्हणालं हीच खरी मैत्री. कॉलेजातली मुलगी म्हणाली, सिप्सीनं एवढं केलं आणि शेवटी शौर्य मात्र इजीच्या खात्यात जमा झालं. यावर एकमत झालं नाही, आणि मीही अजून ठरवू शकलेलो नाही, कारण अलाबामाच्या त्या काळातल्या कोर्टात सिप्सीचं नाव आलं असतं तर ती वाचली असती असं मला वाटत नाही.

सहलीचं असं ठरलं की जुलिएटऐवजी बर्मिंगहॅमला जायचं. लांब पडतं, अडीच तास जायला लागतात. सकाळी केली इनग्रॅम पार्क, समोरचं ते चर्च, शेजारची सिव्हिल राइट्स इन्स्टिट्यूट (नागरी हक्क चळवळीचं संग्रहालय), आणि नंतर आयर्नडेल. दादा आले. काकू तोवर सांगलीला परत गेल्या होत्या, त्यांना व्हिडिओ कॉल लावला. दोघं जण आले नाहीत, त्यांचं म्हणणं होतं सहल म्हणजे मोकळं व्हायला असते आणि हे फार जड झालं. त्यातला एक नंतर गटात परत आला, दुसरा नाही आला. तो गेल्याचं मला वाईट वाटतं, कारण त्याच्या म्हणण्यातही तथ्य होतं, मन रमवायला पुस्तक वाचणं ही काही हलकी गरज नाही.

काय वेगळं करता येईल

खटल्याचं आणि नियमांचं टिपण चर्चेच्या आधी नाही, वाचायला सुरुवात करतानाच द्यायला हवं. ते उशिरा दिल्यामुळे काही जणांना वाटलं ते एका बाजूला बळ द्यायला काढलंय.

सहल आणि पुस्तक एकत्र जाहीर करू नये. सहल ठरली की पुस्तक आवडलंच पाहिजे असा दबाव येतो, मग न आवडणारा माणूस सगळ्यांचा बेत मोडणारा ठरतो.

नर्स ताईची सूचना आम्ही नंतर अर्धीच घेतली. आता असं पुस्तक घेतलं की त्याच भागातलं, त्याच काळाबद्दलचं, दुसऱ्या बाजूनं लिहिलेलं पुस्तक जोडीनं घ्यायचं, दोन महिने लागले तरी चालतील. एकाच पुस्तकाकडून सगळ्यांचं सगळं सांगितलं जावं ही अपेक्षा लेखिकेवरही अन्याय करणारी आहे. काकूंचा याला विरोध आहे, त्यांचं म्हणणं एका पुस्तकासोबत पुरेसं राहिल्याशिवाय लगेच दुसरं कशाला. यावर पुढच्या बैठकीत मत घ्यायचंय, आणि मला अजूनही नक्की माहीत नाही मी कुठल्या बाजूनं हात वर करेन.